वाट पाहण्याची भाषा : मराठी ख्रिस्ती साहित्यातील आगमनकाळ

१

ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ जानेवारीच्या पहिल्या तारखेला होत नाही. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रेया यांच्या स्मरणाचा दिवस. त्याला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी पश्चिमेकडील चर्चचे नवे वर्ष सुरू होते आणि तेथून नाताळपर्यंत येणाऱ्या चार रविवारांच्या अवधीला आगमनकाळ असे म्हणतात. ‘नाताळ’ हा शब्द मराठीने पोर्तुगिजांकडून घेतला आणि तो घराघरांत रुळला. ‘आगमनकाळ’ हा शब्द मात्र उपासनेच्या पुस्तकांपुरताच राहिला. त्यामुळे सर्वसामान्य मराठी वाचकाला नाताळ परिचित आहे. नाताळची वाट पाहणे परिचित नाही. सण ठाऊक असावा आणि त्याची पूर्वतयारी ठाऊक नसावी, ही उणीव केवळ धार्मिक माहितीची नाही. साडेतीनशे-चारशे वर्षांच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे वाचन करतानाही ती आड येते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

आगमनकाळाच्या केंद्रस्थानी एक साधा प्रश्न आहे. जो येणार आहे तो कोण म्हणून येणार आहे? तो न्याय करण्यासाठी येणार असेल तर तयारी भीतीची होईल. तो सोडवण्यासाठी येणार असेल तर तयारी आशेची होईल. ख्रिस्ती श्रद्धा या दोन्ही गोष्टी मानते, म्हणूनच हा प्रश्न तेथे कधी कायमचा सुटला नाही. कोणत्या काळात, कोणत्या समाजात कोणत्या बाजूवर भर पडला, याचा एक इतिहास आहे. मराठीपुरते बोलायचे तर हा इतिहास विलक्षण गुंतागुंतीचा आहे. मराठी मुलखात ख्रिस्ती धर्म आला तो सत्तेच्या सावलीत, म्हणजे बऱ्याच अंशी भीतीच्या वातावरणात आला. पण मराठीत जे ख्रिस्ती वाङ्मय टिकून राहिले ते मुख्यतः आशेचे आहे. हे कसे घडले, त्यात भाषेचा वाटा किती, याचा शोध घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

प्रथम पश्चिमेकडील पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. आगमनकाळ हा मुळात उपवासाचा काळ होता. आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात पाचव्या-सहाव्या शतकांत संत मार्टिन यांच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याची प्रथा होती, इ. स. ५८१ च्या सुमारास माकों येथील धर्मसभेने तिला नियमाचे रूप दिले. रोममध्ये हा काळ आखूड झाला आणि चार रविवारांवर स्थिरावला. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोम पुरांनी, साथींनी आणि स्वाऱ्यांनी जर्जर झालेले असताना पोप ग्रेगरी यांनी आगमनकाळातील प्रवचनासाठी लूककृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय घेतला. सूर्य-चंद्रांतील चिन्हे, खवळलेला समुद्र, भयाने गलितगात्र झालेली माणसे, असे वर्णन त्या अध्यायात येते. पुढे मध्ययुगात चार रविवारी मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक या चार विषयांवर प्रवचने देण्याची रीत अनेक ठिकाणी पडली. न्यायाच्या दिवसाचे तेराव्या शतकातील जे प्रसिद्ध लॅटिन स्तोत्र पुढे अंत्यविधीशी जोडले गेले, त्याचाही मूळ संबंध आगमनकाळाशी असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

परंतु लूकचा तोच अध्याय पुढे वाचला तर वेगळी दिशा दिसते. ही सारी चिन्हे दिसू लागली की मान खाली घालू नका, डोके वर उचला, कारण सुटका जवळ आली आहे, असा त्या भागाचा आशय आहे. लगेच अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त येतो. झाडाला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. तसेच हे आहे. म्हणजे ज्या उताऱ्यातून भीतीची प्रवचने निघाली त्याच उताऱ्याच्या पोटात पालवी होती. याच शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांत देवदूत जखऱ्याकडे येतो, मरियेकडे येतो, मेंढपाळांकडे येतो. आणि प्रत्येक वेळी भिऊ नये असे सांगतो. भीती तेथे नाकारलेली नाही. ती ओळखलेली आहे, आणि ओळखून बाजूला सारलेली आहे.

बाराव्या शतकात क्लेर्व्हो येथील संत बर्नार्ड यांनी ख्रिस्ताच्या तीन आगमनांचा विचार मांडला. पहिले आगमन इतिहासात, देहाने झालेले. शेवटचे युगान्ती, वैभवाने होणारे. आणि या दोहोंच्या मधले, गुप्त, माणसाच्या अंतःकरणात नित्य घडणारे. आध्यात्मिक तयारीचा संबंध येतो तो या मधल्या आगमनाशी. भूतकाळाची तयारी करता येत नाही, युगान्ताची तयारी बहुधा भयातच संपते. दाराशी उभ्या असलेल्याची तयारी मात्र घर झाडून, दिवा लावून करता येते. संतसाहित्यावर पोसलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

३

आता गोव्याकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातले. ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, त्यांचे वास्तव्य मुख्यतः सासष्टी भागात झाले. या सासष्टीचा तेव्हाचा इतिहास नजरेआड करता येणार नाही. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायसभा स्थापन झाली होती. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा या दैवतांना घेऊन लोक नदीपलीकडे अंत्रुज महालात गेले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय धर्मगुरू आणि त्यांचे काही सोबती मारले गेले. त्यांचे देह मिळवून दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलावून घेऊन असोळणे येथे ठार करण्यात आले. दोन्ही बाजूंनी भीती दाटलेल्या या भूमीत बसून एका परदेशी माणसाने मराठीत पुराण रचले.

हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. आपण त्याला ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. पण मूळ पुस्तकाचे पोर्तुगीज शीर्षक वेगळे होते. जगाचा तारणारा जो आपला प्रभू येशू ख्रिस्त, त्याच्या जगातील येण्याविषयीचे विवेचन, असा त्या शीर्षकाचा अर्थ होतो. ‘येणे’ हा त्यातला कळीचा शब्द. थोडक्यात, ग्रंथकर्त्याच्या मनातील विषय ख्रिस्ताचे चरित्र एवढाच नव्हता. ख्रिस्ताचे आगमन हा होता. मराठीतील पहिले ख्रिस्ती महाकाव्य हे नावापासूनच आगमनकाळाचे काव्य आहे.

ग्रंथाची रचना पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. एकूण पंचाण्णव अवस्वरू आणि सुमारे अकरा हजार ओव्या. त्यांपैकी पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू ख्रिस्तजन्मापूर्वीच्या कथेला दिलेले आहेत. सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे, असा हा दीर्घ प्रवास आहे. दुसऱ्या पुराणाच्या एकोणसाठ अवस्वरूंत ख्रिस्तचरित्र येते. म्हणजे ग्रंथाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग केवळ वाट पाहण्यात जातो. नायक अद्याप यायचा आहे आणि कवी छत्तीस अवस्वरू श्रोत्याला थांबवून धरतो. काव्यदृष्ट्या हे मोठे धाडस आहे. पण पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्याला ते धाडस वाटले नसावे. पुराणिक अवताराची कथा सांगताना अवताराची गरज आधी निर्माण करतो. पृथ्वी भाराने वाकते, गाईचे रूप घेऊन देवांकडे जाते, मग देव अवतार घेण्याचे वचन देतो. स्टीफन्स यांनी हिब्रू संदेष्ट्यांची परंपरा मराठी श्रोत्यापर्यंत नेली ती याच परिचित पायरीवरून. मुक्तिस्थानाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. छंद घेतला तो ओवीचा. एकनाथांनी भागवतावरील टीका १५७३ मध्ये काशीस पूर्ण केली आणि १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला, हे लक्षात घेतले म्हणजे स्टीफन्स कोणत्या मराठीचे समकालीन होते ते कळते.

अर्थात या ग्रंथात भीती नाही असे म्हणणे सत्याला सोडून होईल. देवदूतांचे पतन, नरकाची वर्णने, अंतिम न्याय, मूर्तिपूजेचा कठोर निषेध हे सर्व तेथे आहे. स्टीफन्स हे त्यांच्या संघाचे आणि त्यांच्या काळाचे अपत्य होते. सत्तेने केलेल्या बळजोरीपासून त्यांचे कार्य पूर्णपणे अलिप्त होते असा दावा करता येणार नाही. परंतु ज्या समाजाची देवळे नुकतीच गेली होती, ज्याच्या हातातून जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, त्याला नुसते भय पुरणार नव्हते. ग्रंथाच्या प्रारंभीच नवख्रिस्ती श्रोता जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी वाचावयास मागतो, असा प्रसंग आहे. ही मागणी फार अर्थपूर्ण आहे. भीती माणसाला एखाद्या ठिकाणी आणून उभे करू शकते. तेथे राहण्यासाठी त्याला कथा लागते, आणि कथेला भविष्य लागते.

या ग्रंथालाही पुष्कळ वाट पाहावी लागली. देवनागरी खिळे मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये रोमला लिहिले होते. ते मिळाले नाहीत आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या, पण त्या काळातील छापील प्रत आज एकही उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. तरीही गोव्यात आणि मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत हस्तलिखितांच्या आधारे हे पुराण वाचले आणि गायले जात राहिले. जोसेफ सालढाणा यांची रोमन लिपीतील आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूरला निघाली, शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास, आणि कारिदाद द्राग यांची १९९६ मध्ये मुंबईस. खिळे मागितल्यापासून देवनागरी अक्षर छापून येईपर्यंत जवळजवळ साडेतीनशे वर्षे गेली.

४

स्टीफन्स यांच्या श्रोत्यांना आणखी एक कथा मुखोद्गत होती. ती म्हणजे कृष्णजन्माची. तिच्याशेजारी बेथलेहेमची कथा ठेवून पाहिली असता भीतीची आणि आशेची वाट पाहणे यांतला भेद जितका उघड होतो तितका तो कोणत्याही धर्मशास्त्रीय चर्चेने होत नाही.

कंस देवकीच्या आठव्या अपत्याची वाट पाहत असतो. देवकीही पाहत असते. दोघांचे डोळे एकाच जन्माकडे लागलेले. पण कंस मोजतो, पहारे बसवतो, बेड्या घालतो, आणि अखेर दुसऱ्यांच्या मुलांवर हात टाकतो. हेरोदाचे तेच. पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक एका ताऱ्याच्या मागे निघतात. हेरोद त्याच ताऱ्याची वेळ विचारून घेतो. एकाच वार्तेने एक जण भेटवस्तू घेऊन वाटेला लागतो, दुसरा बेथलेहेमची बालके मारण्याचा हुकूम देतो. आगमन एकच, तयारी मात्र दोन परस्परविरोधी प्रकारची.

भागवतकारांनी येथे एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले आहे. बसता, उठता, जेवता, झोपता कंसाला सर्वत्र हरीच दिसू लागला. सातव्या स्कंधात तर गोपी प्रेमाने आणि कंस भयाने त्याच ठिकाणी पोहोचले असेही सांगितले आहे. भय हेही एक प्रकारचे अखंड स्मरण आहे, हे भारतीय परंपरेने मान्य केले आहे. मग भीतीच्या तयारीत उणे काय? उणे हे की वाटेत कंसाच्या हातून मुले मारली गेली. भीतीने वाट पाहणाऱ्याला कदाचित स्वतःपुरते काही मिळतही असेल. त्याच्या भोवतालच्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागते. आशा की भीती, हा प्रश्न साधकाच्या मनाच्या अवस्थेपुरता मर्यादित राहत नाही, तो सामाजिक होतो, तो या ठिकाणी. सोळाव्या शतकातील सासष्टीचा अनुभव याला साक्ष आहे.

५

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलाखाली मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे दुसरे पर्व सुरू झाले. विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. या मिशनची परंपरा प्यूरिटन वळणाची होती. उपासनावर्ष, उपवासाचे काळ, संतांचे सण यांना तिच्यात फारसे स्थान नव्हते. त्यामुळे आगमनकाळ हा शब्द या वाङ्मयात शोधण्यात अर्थ नाही. परंतु आगमनकाळाचा प्रश्न तेथे वेगळ्या रूपाने उभा राहिला. खंडनमंडनाच्या पुस्तिकांत पाप, न्याय आणि नरक यांवर भर होता. उलट ज्यांनी स्वतः धर्मांतर करून स्वतःच्या शब्दांत लिहिले, त्यांच्या लेखनात प्रतीक्षा आणि उजाडणे यांची प्रतिमासृष्टी आढळते. बाबा पदमनजी यांनी १८८८ मधील आत्मचरित्राला ‘अरुणोदय’ हे नाव दिले, ही लहान बाब नव्हे. अरुणोदय म्हणजे सूर्य नव्हे. सूर्य येणार असल्याची खूण.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत भीती आणि आशा यांचा झगडा ऐतिहासिकच होता. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकामागून एक गेली. तीर्थयात्रा, व्रते, दाने सारे करून झाले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुलींना आणले आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे केले. आशा हा शब्द तेथे धान्य, विहीर, छापखाना, शाळा अशा रूपांनी प्रत्यक्षात आला. शेवटची कित्येक वर्षे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर आहे, ती केडगावच्या मुलींना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्याला शब्द कळत नाहीत त्याला धाक घालता येतो, आशा देता येत नाही. धाकाला आवाज पुरतो. आशेला अर्थ लागतो. रमाबाईंच्या भाषांतराचे वाङ्मयीन मूल्यमापन करताना ही प्रेरणा विसरता कामा नये.

याच शतकात जर्मनीत घडलेली एक गोष्ट येथे आठवते. हॅम्बुर्गजवळ गरीब, निराश्रित मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान विखर्न यांना मुले रोज विचारीत, नाताळ कधी येणार? १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवण्यास प्रारंभ केला. आज जगभर चर्चमधून दिसणारे आगमनकाळाचे चार मेणबत्त्यांचे कडे या प्रथेतून आले. ज्यांच्या आयुष्यात पुढे काही येणार असल्याची खात्री नव्हती, त्यांच्यासाठी ही गणना सुरू झाली. कंसाची गणनाही गणनाच होती. पण या मुलांच्या गणनेत रोज एका दिव्याची भर पडत होती.

नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या प्रवासात, नागपूरहून राजनांदगावकडे जाताना; आणि त्यांना ओढून घेतले ते डोंगरावरील प्रवचनाने, नरकाच्या वर्णनाने नव्हे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताकडे जाणारा आपला मार्ग तुकारामाच्या पुलावरून गेला, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. या पुलावरून टिळकांनी जे पलीकडे नेले त्यात अभंगाचा छंद होता तसाच भेटीचा ध्यासही होता. वारकरी संतांच्या अभंगांत देवाच्या भेटीसाठी जीव व्याकूळ होतो, पण घाबरत नाही. ही व्याकुळता टिळकांनी मराठी ख्रिस्ती भजनांत आणली आणि मिशनच्या भाषांतरित गीतांचा सूर बदलला.

या घराची दुसरी कथा लक्ष्मीबाईंची. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे पंढरपुरात राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते ते हे की, त्यांना नव्या श्रद्धेपर्यंत आणण्यात कोणत्याही धमकीचा उपयोग झाला नाही, आणि टिळकांनीही घाई केली नाही. सोवळेओवळे हळूहळू सुटले, जातिभेद हा माणसाने केलेला आहे ही जाणीव त्यांची त्यांनाच झाली, आणि मगच त्यांनी पाऊल उचलले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. त्याचा बराच मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्ण केले. ज्या स्त्रीला कोणी भीती घालून आणले नव्हते, तिनेच अर्धवट राहिलेली कथा शेवटाला नेली.

६

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅथलिक परंपरेत या प्रश्नाचे उत्तर अधिकृतपणे बदलले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी, योगायोगाने आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात, जाहीर केला आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्ग मोकळा झाला. १९६९ मध्ये उपासनावर्षाची नवी नियमावली आली. आगमनकाळ हा ख्रिस्ताच्या पहिल्या येण्याचे स्मरण आणि दुसऱ्या येण्याची प्रतीक्षा अशा दुहेरी अर्थाचा आहे, आणि म्हणून तो भक्तिपूर्ण, आनंदमय अपेक्षेचा काळ आहे, असे तीत स्पष्ट केले गेले. जांभळा रंग राहिला. तिसऱ्या रविवारी गुलाबी वस्त्रांची मुभाही राहिली. चार भयंकर विषयांची प्रवचने मागे पडली.

वसईच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अंमल, त्यानंतर मराठ्यांचा, मग इंग्रजांचा. राज्ये बदलली तरी येथील सामवेदी आणि वाडवळी बोली बोलणारा ख्रिस्ती समाज टिकून राहिला. पण त्याची उपासना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिनमध्ये होती. जो समाज घरी मराठीत वाट पाहत होता त्याला चर्चमध्ये परक्या भाषेत वाट पाहावी लागत होती. १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने या समाजाला लिहिती मराठी दिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ त्याचे संपादन केले आणि पुढे २०१० मध्ये ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. रमाबाईंनी केडगावात जे मागितले होते तेच ‘सुबोध’ या विशेषणात आहे.

दिब्रिटो यांच्या कार्याची दुसरी बाजूही या विषयाशी निगडित आहे. वसईची जमीन, झाडे आणि पाणी यांच्या लुटीविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे त्यांनी लोकांना संघटित केले, तेव्हा त्या परिसरावर गुंडगिरीची दहशत होती. भयग्रस्त माणसांना रस्त्यावर आणणे आणि त्यांना मारझोडीपासून दूर ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हाही विरोधाचे सूर निघाले. त्यांनी ते पद भूषवले. त्यांचे निधन २५ जुलै २०२४ रोजी झाले. आशा म्हणजे स्वस्थ बसून राहणे, असा जो समज असतो, त्याला हे आयुष्य उत्तर आहे.

७

आता भाषेकडे येऊ. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ ‘येणे’ एवढाच आहे; त्यात येणाऱ्याचा विचार आहे, थांबणाऱ्याचा नाही. मराठीत मात्र आपण ‘वाट पाहतो’. या क्रियेत रस्ता आहे, डोळे आहेत आणि रस्त्याच्या दोन टोकांना दोन माणसे आहेत. न्यायालयात खटल्याची तारीख असते, तिची कोणी प्रेमाने वाट पाहत नाही. वाट पाहायची ती माहेरच्या माणसाची, पावसाची, वारीहून परतणाऱ्याची. आगमनकाळातील वाचनांत यशया संदेष्ट्याची जी प्रतिमा पुन्हा पुन्हा येते तीही वाटेचीच आहे. अरण्यात देवासाठी रस्ता करा, दऱ्या भरून काढा, डोंगर सखल करा, असा तिचा भाव. मराठीत वाट पाहणारा आणि वाट करणारा यांच्यात एका क्रियापदाचेच अंतर आहे. दऱ्या आणि डोंगर समाजात असतात, तेव्हा हे सपाटीकरण केवळ मनातल्या मनात पुरे होत नाही, हे रमाबाई आणि दिब्रिटो यांच्या कार्याने दाखवले आहे.

याहून पुढे जाऊन वारकरी परंपरेने वाट पाहण्याची दिशाच उलटी केली. पुंडलिक आईबापांच्या सेवेत आहे आणि देव विटेवर उभा राहून त्याची वाट पाहतो आहे. ज्या समाजाने देवालाच तिष्ठत उभे केले, त्या समाजाच्या भाषेत धडकी भरवणाऱ्या आगमनाला पाय रोवणे अवघड होते. मराठी ख्रिस्ती वाङ्मय आशेकडे झुकले याचे श्रेय एकट्या ख्रिस्ती धर्मगुरूंना किंवा एकट्या धर्मांतरितांना देता येत नाही. ते ज्या भाषेत लिहू लागले त्या भाषेने त्यांना तिकडे वळवले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

महाराष्ट्रापासून दूर, दिल्लीत यमुनेच्या पूर्वतीरावर वसलेल्या मयूर विहारसारख्या वस्तीत हे अधिक जाणवते. येथे मल्याळी कुटुंबे पुष्कळ. त्यांचे उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर येथले प्रसिद्ध आहे. त्यांतील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचे व्रत पाळतात. सज्जांतून कागदी तारे लागतात. त्याच सुमारास मराठी घरांत मार्गशीर्षाचे गुरुवार येतात. घट मांडला जातो, महालक्ष्मीची कहाणी वाचली जाते. चार रविवार आणि चार गुरुवार यांचे तत्त्वज्ञान एक नाही, आणि तसे भासवण्याची गरजही नाही. मार्गशीर्षाच्या कहाणीतही उतलेल्या-मातलेल्यांना धडा आहे, भीतीचा अंश आहे. पण घर सारवून, पाने-फुले आणून, दारी येणारीसाठी जागा करण्याची जी वृत्ती आहे ती दोन्हीकडे ओळखीची आहे. दोन्ही व्रतांतील माणसे आपल्या गावापासून दूर आहेत. गावापासून दूर असलेल्याला वाट पाहणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ख्रिस्तपुराणातून उचलले ते मराठी भाषेच्या गौरवाच्या मोजक्या ओव्या. त्या सुंदर आहेत यात संशय नाही. परंतु एखाद्या पाहुण्याने आपल्या घराची स्तुती केली तेवढीच लक्षात ठेवावी आणि तो काय सांगायला आला होता ते विसरावे, तसे हे झाले आहे. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू प्रतीक्षेचे काव्य म्हणून सलग वाचले जावेत. त्यांतील भयाची आणि आशेची स्थळे शेजारी शेजारी ठेवून तपासली जावीत. एकनाथी भागवत, ‘ख्रिस्तायन’ आणि रमाबाईंचे भाषांतर यांच्याशी त्यांची तुलना व्हावी. ग्रंथालयांत या पुस्तकांच्या प्रती आहेत. साहित्याच्या नव्या विद्यार्थ्यांनी त्या मागवाव्यात आणि पहिल्या पुराणापासून वाचनाला प्रारंभ करावा.